कुपाटी दोन हात सरकली

मले लिवता येत नाही. शाळेत मी तीन दिवस गेलो, त्यातला एक इतवार निघाला. म्हनून हे मी बोलून राहिलो अन् सून लिवून राहिली. दिवाळी अंकवाल्या सरानं निरोप धाडला, का बाबा, तुमच्या धंद्यातलं काही सांगा. मी म्हनलं, माह्या धंद्यात काय हाये सांगाले? खुटा गाडा, काटी बांधा, चहा प्या. सून म्हने, "मामाजी, मागच्या उन्हाळ्यातलं सांगा ना." नेमकं तेच मले सांगाचं नव्हतं. पन पेन तिच्या हातात हाये, अन् माह्या ताटात भाजीही तिच्याच हातची पडते. तवा सांगतो.

मी कुपाट्या करतो. कुपाटी म्हंजे काट्याचं कुंपन. आमच्याकडे घराच्या मांगं सांदवाडी राहते, म्हंजे वांगे, मेथी, वाल लावाची जागा. तिले जनावरापासून राखाले खुटे गाडाचे, मंधात बोरी-बाभळीच्या काट्या भराच्या, अन् बांबूच्या कमच्यायनं आवळून टाकाचं. धान मळून झालं का आमचा हंगाम सुरू, पाऊस लागला का सरला.

आमची जात ढिवराची. बापानं तळ्यात जाळं फेकाले शिकवलं. पन मी जाळं फेकलं का मासे बाहेर अन् मी आत. दोन डाव लोकायनं मलेच ओढून काढलं. बाप म्हने, "या पोट्ट्याले कोरड्या जाग्यावरचं काम पाहा." तवापासून हातात सब्बल, म्हंजे खड्डे खंदाची पहार, आली.

या धंद्याचा एक नियम हाये. नवी कुपाटी उभी झाल्याबिगर जुनी मोडाची नाही. वाडी एक घंटा उघडी राहिली तं बकऱ्या सारं साफ करते. म्हनून जुनीच्या बाजूनं नवे खुटे गाडाचे, मंग जुनीतल्या काट्या काढून नवीत भराच्या, अन् जुने खुटे जमिनीबरोबर तोडाचे. उपसाचे नाही. उपसले तं माती मोकळी होते अन् बाजूचा नवा खुटा हालते. हे मले बापाच्या मामानं शिकवलं. माही स्वतःची हुशारी एकच. खड्ड्यात खुटा उभा केला का भोवताल फुटक्या कवेलूचे, म्हंजे कौलाचे, तुकडे ठोकाचे. जुन्या घरावरचे कवेलू कुठंही फुकट भेटते, अन् दगडापेक्षा घट्ट बसते. साऱ्या गावात कवेलूवाली कुपाटी फक्त माही. लोकं म्हनत, "गोमाच्या खुट्याले रेड्यानं आंग घासलं तरी हालत नाही." आमच्या गावचा रेडा म्हातारा होता, म्हनून माही इज्जत टिकून होती.

हुशारी किती, तेही सांगतो. एका पाटलाच्या वाडीले मी चारही बाजूनं अशी कुपाटी केली, का संध्याकाळी पाह्यलं तं फाटक ठेवाचंच राह्यलं, अन् मी आत. पाटलीनबाई बाहेरून म्हने, "आता राहा तिथंच गोमाभाऊ, वांग्याले पानी देत जा." असा मी मानूस. गाव मले पाहून हासते. मलेही त्याची सवय झाली होती.

आता मागच्या उन्हाळ्याचं.

आमचं गाव लाखनीहून आत. गावात तळ्याच्या पारीकडे, म्हंजे बांधाकडे, दोन घरं लागून हायेत. एक नत्थुभाऊ अन् सरजावैनीचं. नत्थुभाऊ आमच्याच मोहल्ल्यातला, मासे धरनारा. तीन साल झाले, त्याले लकवा मारला, उजवं आंग गेलं. वैनी तळ्यातले मासे अन् वाडीतली भाजी विकून घर चालवते. नत्थुभाऊले बाहेर जाता येत नाही म्हनून तिनं वाडीत कुपाटीले लागून संडास बांधला, टिनाच्या दाराचा. घराच्या दरवाज्यापासून संडासापर्यंत बांबूचा आडवा दांडा मी बांधून देल्ला. त्याले धरून धरून तो एकटा जाते. पहिल्या दिवशी एकटा जाऊन आला तवा तो रडला होता. वैनी मले म्हने, "भाऊ, आता यायले माह्या मांगं लागा लागत नाही."

दुसरं घर यशवंत वासनिकचं. यशवंत माह्या बरोबरीचा. त्या तीन दिवसाच्या शाळेत माह्या बाजूले बसला होता. मी पळालो, तो शिकला अन् नागपूरले सरकारी दफ्तरात बाबू झाला. मांगं त्याची माय राहे. ती गेल्यावर घराले कुलूप लागलं, अन् मांगच्या जागेत तरोटा माजला. आता रिटायर होऊन नवरा-बायको गावात आले, घर बांधाले. जय भीम केला, मले म्हने, "गोमा, आता म्हातारपनात रोज बसू पारीवर."

मिस्त्री आला, दोरी लावली, टेप लावला. यशवंतच्या बापाच्या कागदावर जागा चाळीस फूट. टेपावर सदतीस.

तीन फूट म्हंजे दोन हात. जमीन कुठं जाते? जाईन तं कुपाटीच्या पलीकडेच जाईन. यशवंत सरजावैनीच्या दारात गेला. आवाज न चढवता म्हने, "वैनी, कुपाटी सरकली वाटते."

वैनी म्हने, "कोनी सरकवली? आमी?"

"मी तसं म्हनलं नाही."

"मंग काय म्हनलं? माह्या घरातला मानूस एका आंगानं पडला हाये. तो उठून कुपाटी सरकवते का मी सरकवतो?"

झालं. नळावर बायायचं बोलनं बंद. मिस्त्री टोपले घेऊन बसला. पोट्टे इकडचे तिकडे जाईनात. अन् चौथ्या दिवशी मले कळलं, का हे आता दोन घरायचं भांडन राह्यलं नाही. आमच्या मोहल्ल्यातले म्हने, ते लोकं आपल्या जागेवर नजर ठेवून हायेत. बुद्धविहाराकडचे पोट्टे म्हने, गरिबाच्या नावानं आमची जागा दाबली. ज्या दोन मोहल्ल्यायनं एका तळ्यातून पानी भरलं, ते आता एकमेकाच्या दारासमोरून खाकरून जात होते.

तंटामुक्तीची बैठक ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात बसली. यशवंतनं कागद दाखवला. वैनीनं पदर खोचला अन् म्हने, "आमी कुपाटीले बोट लावलं असन तं या तळ्याचं पानी आमाले लागू नये." अध्यक्ष डोकं खाजवून म्हने, "कुपाटी कोन करते?"

सारे माह्याकडे पाहाले लागले. मी मांगं बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राह्यलो होतो.

अध्यक्ष म्हने, "गोमा, उठ गा. तू सांग. किती साल झाले?"

आता सांगतो ते खरं सांगतो. गावानं मले कवा काही विचारलं नव्हतं. कोनी विचारलं तं हासाले. त्या दिवशी पहिल्यांदा सारे चूप बसून माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. माही छाती अशी फुगली का सदऱ्याची बटनं जाईन. मी उभा राह्यलो अन् म्हनलं, "चोवीस साल झाले. हे कुपाटी दुसऱ्या कोनाच्या हातानं झालीच नाही. एक बोट हालली असन तं माहे हात झडून पडो."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. वैनी डोळे पुसाले लागली. मांगून कोनी तरी म्हने, "पेन्शन पुरत नसन बाबूले, म्हनून शेजाऱ्याची जागा पाह्यजे." यशवंतनं ते आयकलं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली, माह्याकडे एक डाव पाह्यलं अन् गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोजनीचा अर्ज टाकला.

त्यानंतर आठ-धा दिवसानं मी एका मास्तरीनबाईच्या घरी काम करून राह्यलो होतो. जुनी कुपाटी उभी होती. मी सब्बल उचलली तं बाई म्हने, "गोमाभाऊ, इकडून नका गाडू, माही मेथी हाये. तिकडून गाडा, तिकडं पडीतच हाये."

मी म्हनलं, "हव जी, तिकडूनच गाडतो मी."

अन् सब्बल तशीच हातात राह्यली.

तिकडूनच गाडतो मी. इकडं बायायची भाजी राहते, कोनी खंदू देत नाही. तिकडं पडीत. सरजावैनीकडेही इकडं वांगे अन् तिकडं यशवंतचा तरोटा. तरोट्याले कोन विचारते? जुनीच्या पलीकडे चार बोटं सोडून नवा खुटा. मंग सालाआड पुन्हा तिच्या पलीकडे चार बोटं. मी खाली बसलो अन् कवेलूचे तुकडे मांडले. चोवीस साल, सालाआड एकदा, म्हंजे बारा तुकडे. एकेका तुकड्यावर चार चार बोटं मोजली. चोवीस बोटाचा एक हात होते, हे मले शाळेबिगर येते. मोजून झालं तं बराबर दोन हात भरले.

मास्तरीनबाई म्हने, "काय झालं गा? लागलं का?"

मी म्हनलं, "हव, लागलं जी."

जागा कोनीच चोरली नव्हती. यशवंत खरं बोलत होता, वैनीही खरं बोलत होती. खोटं बोलनारा एकच, अन् त्याले टाळ्या पडल्या होत्या.

तुमी म्हनान, मंग जाऊन सांगाचं. सांगाले काय लागते? मीही तेच म्हनलं. सकाळी उठून वैनीकडे गेलो. तिनं मले पाहून पाट टाकला, झिंगे घालून वांग्याची भाजी वाढली. म्हने, "तुमी होते म्हनून माही अब्रू राह्यली, भाऊ." समोर नत्थुभाऊ बांबूचा दांडा धरून एकेक पाय टाकत संडासाकडे जाऊन राह्यला होता. मी कुपाटीकडे पाह्यलं. दोन हात अलीकडे लाइन घेतली तं ती संडासाच्या बराबर मंधातून जाते. मी बोललो तं हे तुटते. नाही बोललो तं यशवंतचं घर अडते अन् तो गावात खोटा म्हनून मरते. मी भाजी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली, अन् घरी आलो.

मोजनीची तारीख लागली. माही झोप गेली, जेवन गेलं. कुत्रं भुकलं तरी वाटे, मलेच बोलावून राह्यलं.

एक दिवस आमच्या मोहल्ल्यातले चार जन कागद घेऊन आले. तहसीलीतून लिवून आनला होता, का मी अमुक अमुक, कुपाटी एक बोटही हालली नाही असं शपथेवर सांगतो. म्हने, "अंगठा मार." मी त्यायले दुरूनच येताना पाह्यलं होतं, म्हनून डाव्या अंगठ्याले चिंधी गुंडाळून बसलो होतो.

मी म्हनलं, "कुऱ्हाड लागली गा."

एक जन म्हने, "मंग उजवा दे. बायायचा चालते तं तुहाही चालन."

मी म्हनलं, "उजवा उद्या देतो," अन् ते गेल्याबराबर उजव्यालेही चिंधी बांधली. चार दिवस दोन्ही अंगठे बांधून फिरलो. बिडी पेटवता येईना, नाडी सोडता येईना. बायको, गिरजा, मले भात भरवे अन् म्हने, "असं काय काम केलं गा, दोन्ही अंगठे एकाच जागी तुटले?"

तवा मी तिले सारं सांगतलं. ती घास हातात धरून आयकत राह्यली. मंग तो घास तिनं स्वतःच खाल्ला. म्हने, "जा अन् सांग."

"कोनाले सांगू?"

"ज्याले ज्याले खोटं सांगतलं त्याले."

म्हंजे साऱ्या गावाले. मी चिंध्या सोडल्या, पन गेलो नाही.

मोजनीच्या दोन दिवस आंधी यशवंत स्वतः माह्या घरी आला. खाटेवर बसला. गिरजानं चहा आनला, तो त्यानं हातात धरून ठेवला. म्हने, "गोमा, मी तुले काही विचाराले आलो नाही. तू माह्याकडे पाहतस का नाही, तेवढं पाह्याले आलो."

याच्यापेक्षा सोपी वेळ मले पुन्हा भेटनार नव्हती. अन् मी काय केलं? मी म्हनलं, "तुह्याकडे पाहून काय पोट भरते का गा?" अन् हासलो. जनमभराची सवय. भेव वाटला का तोंडातून जोक निघते. यशवंत हासला नाही. चहा प्याला, कपबशी खाली ठेवली अन् गेला. माह्या साऱ्या कामात मले याचीच जास्त लाज वाटते, कुपाटीपेक्षाही.

मोजनीच्या दिवशी सकाळीच सारं गाव वाडीत. तरोट्याच्या बाजूनं विहाराकडचे, वांग्याच्या बाजूनं आमचे, मंधात माही कुपाटी. मोजनीचा साहेब नवा पोरगा होता, हातात लंबा दांडा, त्याच्यावर पांढरी टोपी. म्हने, "हे वरच्या उपग्रहाशी बोलते." मले वाटलं, चला, आता वरूनही समजलं. त्यानं नकाशा काढला, प्लॉटाचे कोपऱ्याचे दगड शोधले. एक सापडला पिंपळाखाली, एक नालीत. तिथून मोजत मोजत आला, खुना ठोकल्या, अन् मंग एका मानसानं चुन्याची फक्की टाकली. पांढरी लाइन वैनीच्या वांग्यातून निघाली, संडासाच्या एका भिंतीतून आत गेली अन् दुसऱ्या भिंतीतून बाहेर आली.

साहेब म्हने, "कुपाटी तीन फूट पुढं हाये. अतिक्रमन दिसते."

सारं गाव सरजावैनीकडे पाहाले लागलं. तरोट्यातून एक जन म्हने, "काय वो काकू, लागलं का तळ्याचं पानी?" इकडून आमचा एक जन कुपाटीतला खुटा उपसाले धावला. माहाच खुटा, म्हनून निघाला नाही, नाही तं त्याच दिवशी कोनाचं डोकं फुटलं असतं. वैनी वांग्याच्या वाफ्यात बसून गेली, अन् आपल्या हाताकडे पाहाले लागली. जसं काही त्या हातानं झोपेत केलं असन.

ते मले पाह्यल्या गेलं नाही. मी मंधात गेलो अन् म्हनलं, "थांबा गा. चोर मी हावो. कुपाटी मी सरकवली."

अन् सारे हासले.

दोन्ही बाजूचे हासले. धा मिनिटात पहिल्यांदा दोन्ही मोहल्ले एका गोष्टीवर एक झाले. अध्यक्ष म्हने, "गोमा, आज तरी तुही नौटंकी बंद ठेव." साहेबाले वाटलं, कोनी पागल मानूस हाये, तोही तोंड फिरवून हासला. मी म्हनलं, "अरे, खरं सांगून राह्यलो." ते आनखीच हासले. मानसानं साठ साल जोक केले का त्याचं खरं बोलनं कोनत्या भावात जाते, ते मले त्या वाफ्यात कळलं.

हासला नाही तो एक यशवंत.

मी सब्बल घेतली. फक्कीच्या लाइनीपासून चार बोटं पलीकडे, वैनीच्या वांग्यात, पहिला घाव घातला. हातभर खाली गेलो तं खनक वाजली. हातानं माती काढली. कवेलूचे तुकडे, गोल, जसे मी ठोकतो तसे, अन् मंधात काळी माती, खुटा सडलेली. हासनं थोडं कमी झालं. चार बोटं पलीकडे दुसरा घाव घातला. कवेलू. आनखी चार बोटं. कवेलू. एका वांग्याचं झाड उपटून आलं. मी खंदत गेलो. बारापैकी नऊ जागी सापडले, तीन जागी सापडले नाही. कदाचित तवा कवेलू भेटले नसन, कदाचित मी आळस केला असन. पन नवव्याले पोचलो तवा दोन्ही बाजूचे खड्ड्यायवर वाकून पाहून राह्यले होते. शेवटचा खड्डा उभ्या कुपाटीच्या बुडाशी निघाला. तिथंही तेच कवेलू.

मी घाम पुसला अन् सारं सांगतलं. मेथीचं, तरोट्याचं, चार बोटाचं, टाळ्याचं. बोलता बोलता एकही जोक निघाला नाही. साहेबानं खड्ड्याचे फोटो काढले.

यशवंत खाली वाकला, कवेलूचा एक तुकडा उचलला अन् म्हने, "मी तुह्या घरी आल्तो गोमा."

मी म्हनलं, "हव."

"तवाच सांगतलं असतंस तं हे इतके लोकं कायले आले असते?"

"भेव वाटला गा."

"मलेही वाटत होता," यशवंत म्हने.

वैनी उठली. माह्याकडे तिनं पाह्यलंच नाही. यशवंतले म्हने, "दादा, तुमची जागा तुमी घ्या. संडास उद्या तोडून टाकतो."

तेवढ्यात संडासाच्या आतून कडी वाजली. टिनाचं दार उघडलं अन् नत्थुभाऊ बाहेर आला. मोजनी सुरू व्हाच्या आंधीच तो आत गेल्ता, अन् बाहेर लोकाचा आवाज आयकून बिचारा तिथंच बसून राह्यला होता. सारं त्यानं आतून आयकलं होतं. एका हातात बांबू, एका हातात लुंगी. खाली पाह्यलं तं चुन्याची लाइन त्याच्या दोन पायाच्या मंधातून गेल्ती. लकव्यानं त्याचं बोलनं साफ येत नाही. तो हळूच म्हने, "यशवंता, कोनता पाय उचलू?"

कोनी हासलं नाही. यशवंत गेला, त्याच्या बगलेत खांदा देल्ला अन् त्याले घराच्या दारापर्यंत नेऊन बसवलं. वापस येऊन साहेबाले म्हने, "खुना बराबर ठोका साहेब. कागदावर जे हाये ते लिवा. पन संडासाले हात लावाचा नाही. नत्थु हाये तवरक तो तिथंच राहीन."

वैनी म्हने, "उपकार नको दादा. लिवून घ्या मंग, का जागा तुमची हाये अन् आमी वापरून राह्यलो. उद्या माह्या पोरायनं भांडू नये."

दोघायचंही लिवल्या गेलं, नत्थुभाऊ हाये तवरकचं अन् जागेचं. वैनीनं सही केली, यशवंतनं केली. अध्यक्ष म्हने, "साक्षीदार म्हनून गोमाचा अंगठा घ्या." मी डावा अंगठा पुढं केला, आता त्याले चिंधी नव्हती.

यशवंतनं सिमेंटचे खांब अन् तार आनली. खांब कोन गाडन, असा प्रश्न आला तं तोच म्हने, "गोमाच गाडन. दोरी मी धरीन." दोन दिवस त्यानं दोरी धरली अन् मी खड्डे खंदले. आमी बोललो ते एवढंच, "आन," "बस," "थोडा इकडे." ते कुंपन आता सरळ हाये, फक्त संडासापाशी बाहेर वळून पुन्हा आत येते. दुरून पाह्यलं तं गरवार बाईच्या पोटासारखं दिसते. नवीन मानूस विचारते, हे असं काहून? मंग त्याले सारी कथा सांगतल्या जाते, अन् मी जवळ असन तं माह्याकडे बोट दाखवल्या जाते.

सरजावैनी माह्याशी बोलत नाही. दोन डाव मी दारासमोरून गेलो, तिनं बादली उचलली अन् आत गेली. मी तिले चोर म्हनवून घेऊ देल्लं, तेवढा वेळ चूप राह्यलो, हे ती विसरनार नाही. तिचं बरोबरही हाये. फाटक मोडलं तं तिनं दुसऱ्या गावचा मानूस बोलावला.

अन् धंद्याचं म्हनान तं, त्या दिवसानंतर गावात घरोघरी टेप निघाले. गावातल्या बहुतेक कुपाट्या माह्याच हातच्या. लोकं आपल्या वाडीत कवेलू शोधून राह्यले होते, जसे कोनी गुप्तधन शोधते. सात घरी सापडले. चार घरं आपसात समजले. तीन घरं अजून मले पाहून तोंड फिरवते, अन् कोनी दुरून "गोमा" म्हनून हाक मारली तं मी मनात म्हनतो, आता याच्याकडे किती बोटं निघाली. आता मी कुठंही काम घेतलं तं आंधी दोन्ही शेजाऱ्यायले बोलावतो, दोरी त्यायच्या हातात देतो, अन् जुना खुटा उपसून त्याच खड्ड्यात नवा गाडतो. हालते थोडा. हालू द्या.

यशवंतनं खांब आनले तवा दोन जास्तीचे आनले होते. ते त्याच्या वाडीत भिंतीले टेकवून ठेवले हायेत. कुंपन कवा सरळ कराचं, ते कागदावर लिवलंच हाये, अन् ते खड्डे मलेच खंदा लागन, हे कोनी न सांगता मले मालूम हाये. त्या खांबायकडे मी पाहत नाही. पन रोज सकाळी तळ्यावर जाताना मी त्याच बाजूनं जातो. घरून दुसरी वाट जवळ पडते, तरी तिकडूनच जातो. कुंपनाजवळ आलो का पाय आपोआप हळू होते. टिनाचं दार वाजते, आतून कडी लागते. मी तिथंच चप्पल झटकल्यासारखं करत उभा राहतो. मंग आतून नत्थुभाऊ खोकते, अन् मी पुढं जातो.